रंग वाऱ्यावर चढतो

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातल्या एका गाळ्यावर माझ्या कादंबरीच्या पहिल्या भागाच्या प्रती ठेवलेल्या होत्या आणि तिन्ही दिवस दुपारनंतर मी तेथे बसत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारोळ्याकडचे एक शेतकरी गृहस्थ गाळ्यापाशी आले. पुस्तक त्यांनी आधीच वाचलेले होते. ते फक्त एक गोष्ट विचारायला आले होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन, घरच्या कोणाच्या दुखण्याची चौकशी करावी तशा हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "ताई, दुसऱ्या भागात तो परत मानूस व्हई ना?"

येथे मानूस म्हणजे पुरुष. आमच्या खान्देशातल्या अहिराणी बोलीत बायका नवऱ्याचा उल्लेख करताना "मना मानूस", म्हणजे माझा माणूस, असे म्हणतात, त्या अर्थाने. त्या दिवशी मी "बघू या" एवढेच म्हणू शकले, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हते. पुढे फोनवर, लग्नकार्यात, एकदा तर शिरपूरच्या एस.टी.त शेजारच्या आसनावरून हाच प्रश्न मला विचारला गेला. आता दुसऱ्या भागाची अकरा प्रकरणे लिहून झाली आहेत आणि मला उत्तर देता येते. तो परत पुरुष होणार नाही. असे का, हे मला मोकळेपणाने आणि सविस्तर सांगायचे आहे, कारण ज्यांनी विचारले त्यांनी त्या पात्राच्या काळजीपोटी विचारले होते.

ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. तापीकाठी एक काल्पनिक राज्य आहे. त्याच्यामागे फारुकी काळातल्या थाळनेरची सावली आहे. १३८२ मध्ये फारुकी घराण्याच्या मलिक राजाने खान्देशात आपली सत्ता उभी केली तेव्हा थाळनेर हेच तिचे मुख्य ठाणे होते, आणि आजही तेथे नदीकडे ढासळत चाललेला किल्ला आणि फारुकींचे मकबरे पाहायला मिळतात. या राज्यात एक रंगारी आहे आणि त्याची बायको नाव चालवते. कादंबरीत दोघांना नावे आहेत, पण गाव त्यांना रंगारी आणि नावाडीण म्हणूनच ओळखते, म्हणून मीही येथे तसेच म्हणेन. नावाडीणीला असा आजार जडतो की दर अमावास्येला तिच्यातले काहीतरी विझत जाते: आधी चव, मग वास, मग हातापायांतली ऊब. सातपुड्याच्या पायथ्याशी ऊन पाण्याचा एक झरा आहे. त्याची कल्पना मला अडावदजवळच्या उनपदेवला, गोमुखातून पडणाऱ्या कढत पाण्याखाली हात धरल्यावर सुचली. त्या झऱ्याशेजारी एक सिद्ध राहतो आणि त्याच्याजवळ निळीचे एक रांजण आहे. त्यात जो बुडी घेईल त्याच्या प्रिय माणसाचे आयुष्य परत येते, पण बुडी घेणाऱ्याला स्वतःचे काहीतरी तेथे ठेवून यावे लागते. रंगारी बुडी घेतो. नावाडीण बरी होते. रंगारी बाहेर येतो तो बाई होऊन. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर ही बाई तापीच्या पैलतीरावर उभी आहे, नावाडीण नाव घेऊन येते, तिला ओळखत नाही, आणि उतारूंचे पैसे मागते.

नीळ मी कथेत का आणली, हे सांगायला हवे. माझे आजोळ फैजपूरचे. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे फैजपूर सर्वांना माहीत आहे, परंतु इंग्रजी अमदानीतल्या जुन्या गॅझेटियरमध्ये या गावाची ओळख सुती कापडावरची छपाई आणि निळा व तांबडा रंग यांसाठी दिलेली आहे. माझ्या लहानपणी त्यातले फारसे काही उरलेले नव्हते. निळीचे काम मी प्रत्यक्ष पाहिले ते बऱ्याच नंतर, एका वृद्ध रंगाऱ्याकडे, पहिला भाग छापून झाल्यावर. आणि तेव्हा मला कळले की मी पुस्तकात चूक करून बसले आहे.

त्या गृहस्थांच्या ओसरीत मानेपर्यंत जमिनीत पुरलेले रांजण होते. चुना, गूळ आणि तरोट्याचे बी घालून नीळ आंबवलेली होती, आणि तिचा वास गोठ्यातल्या ओल्या कडब्यासारखा होता. वर तांबूस, जांभळट फेस. मी समजत होते की आत निळेशार पाणी असेल, पण त्यांनी फेस बाजूला सारला तेव्हा खालचे पाणी पिवळट हिरवे दिसले. पांढरे कापड त्यांनी त्यात हळूहळू, बुडबुडा येऊ न देता बुडवले, काही वेळ दाबून धरले आणि वर काढले. कापडही पिवळट हिरवेच होते, कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखे. मी निराश होऊन त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "थांबा. रंग रांजणात चढत नसतो, वाऱ्यावर चढतो." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या कापडाच्या कडा निळ्या होऊ लागल्या, मग मधला भाग, मग घड्यांच्या आतल्या रेषा. नीळ पाण्यात विरघळत नाही. आंबवणाने तिच्यातला प्राणवायू काढून घेतला की तिचे विरघळणारे रूप तयार होते, ते धाग्यात शिरते, आणि हवा लागली की तेथेच पुन्हा निळे होऊन धाग्यात अडकून बसते. एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. पण दोन्ही हातांनी ते कापड वाऱ्यावर धरून उभ्या असलेल्या त्या वृद्धाकडे पाहताना मला माझा रंगारी दिसत होता.

पहिल्या भागात मी त्याला रांजणातच पूर्ण बदलून टाकले होते. तो बुडला पुरुष म्हणून आणि निघाला बाई म्हणून, आणि तो बदल मी शिक्षेसारखा रंगवला होता. त्याने काहीतरी गमावले, आणि जे गमावले ते त्याचे पुरुषपण, असे वाक्य माझ्या पुस्तकात आहे. ते वाचूनच त्या पारोळ्याच्या गृहस्थांना वाटले असणार की दुसऱ्या भागात गमावलेले परत मिळाले पाहिजे. त्यांची अपेक्षा रास्त होती. तिला कारण मी दिले होते. एका तरुण वाचक मुलीने मला लिहिले की, बाई होणे ही किंमत का असावी, तुम्ही स्वतः बाई असून असे कसे लिहिले. तिच्या या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. दुसरा भाग लिहिण्याचे पहिले कारण हा प्रश्न आहे.

आपल्याकडे स्त्रीचा पुरुष आणि पुरुषाची स्त्री होण्याच्या कथा कमी नाहीत. महाभारतात शिखंडी आहे. स्थूणाकर्ण यक्ष आपले पुरुषत्व त्याला उसने देतो आणि कुबेराच्या शापाने स्वतः स्त्रीरूपात अडकून पडतो, पण ती कथा सूडाच्या वाटेवरची आहे. इला आहे, एक महिना स्त्री आणि एक महिना पुरुष. तेथे शाप आणि उःशापाचा हिशेब आहे. अनुशासनपर्वातला भंगास्वन राजा मला अधिक जवळचा वाटतो. सरोवरात स्नान करून तो स्त्री झाला, आणि पुढे इंद्राने पुन्हा पुरुष करू का असे विचारल्यावर त्याने स्त्रीच राहणे पसंत केले. शंभर मुलगे पुरुष असताना झालेले, शंभर स्त्री झाल्यावर. ते सगळे आपसांत लढून मेले, आणि त्यांपैकी कोणते जिवंत करू असे इंद्राने विचारले तेव्हा त्याने आई म्हणून जन्म दिलेले मागितले, कारण आईची माया अधिक असते असे तो म्हणाला. ही कथा मी दुसऱ्या भागात सिद्धाच्या तोंडी घातली आहे.

परंतु ज्या कथेने माझा दुसरा भाग उभा राहिला, ती मी संस्कृतातून वाचलेली नाही. ती मी आजोळी ऐकली. आजी श्रावणातल्या दर सोमवारी शिवलीलामृत वाचत असे. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली बारामतीला पूर्ण केला, आणि महाराष्ट्रातल्या किती घरांत तो आजही वाचला जातो हे सांगायला नको. बहुतेक जण अकरावा अध्याय वाचतात. आजीला मात्र सहावा आणि सातवा प्रिय होता, सीमंतिनीचा.

सीमंतिनीचा पती चंद्रांगद यमुनेत बुडतो. सगळे तिला विधवा समजतात, पण ती सोमवारचे व्रत सोडत नाही, आणि तक्षकाच्या पाताळातून तो परत येतो. ही सहाव्या अध्यायाची कथा. सातव्यात विदर्भातले दोन गरीब ब्राह्मणपुत्र येतात, सुमेधा आणि सोमवंत. लग्नासाठी त्यांना द्रव्य हवे असते. विदर्भाचा राजा त्यांना एक युक्ती सुचवतो: सीमंतिनी सोमवारी दांपत्यांची उमामहेश्वर समजून पूजा करते आणि भरपूर दान देते, तेव्हा तुमच्यातल्या एकाने स्त्रीवेश घ्यावा आणि जोडप्याने तिच्याकडे जावे. सोमवंत लुगडे नेसतो. सीमंतिनीच्या लक्षात येते की ही स्त्री नव्हे. तिला हसू येते. तरीही ती त्यांना परत पाठवत नाही. समोर बसलेल्याला पार्वती मानून ती मनोभावे पूजा करते. आणि परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच स्त्री झालेला असतो.

लहानपणी मला या कथेत मौज वाटायची. आजी मात्र पुढच्या भागाशी थांबायची. दोन्ही घरांत आकांत होतो, राजाला आपली चूक उमगते, आणि तो देवीची आराधना करून सोमवंताला पूर्ववत करण्याचा वर मागतो. देवी नाही म्हणते. सीमंतिनीच्या भक्तीने जे झाले ते मला फिरवता येणार नाही, असे साक्षात देवी सांगते. त्या बापाला दुसरा मुलगा होईल असा वर देते, आणि या मुलीचे लग्न सुमेधाशी लावून द्या म्हणते. आजी येथे पोथीवर हात ठेवून म्हणायची, "पाह्यलं? देवीबी हारली तिच्या भावापुढे." तिचे ते वाक्य मला पन्नास वर्षांनी कामाला आले.

शिखंडी, इला, भंगास्वन यांच्या कथांत बदल घडवणारा यक्ष आहे, शाप आहे, इंद्र आहे. सोमवंताच्या कथेत बदल घडवणारी आहे एक बाई, जी खोटे ओळखूनही समोरच्याला मनापासून पाहते. लुगडे नेसून तो सीमंतिनीच्या दारात गेला, तेव्हा तो रांजणातून नुकत्याच काढलेल्या कापडासारखा होता. रंग चढला तो तिच्या पाहण्याने. हे दोन्ही धागे माझ्या मनात ज्या दिवशी एकत्र आले, त्या दिवशी मी पहिल्या भागातला जादूचा नियम बदलला. दुसऱ्या भागाच्या आरंभी कळते की झऱ्याकाठी बदल पुरा झालेलाच नव्हता. पैलतीरावर उभी असलेली व्यक्ती अजून कोणत्याच बाजूची नव्हती. नावाडीण तिला नावेत घेते. मध्यधारेत वल्हे मारता मारता तिचे लक्ष त्या बाईच्या हातांकडे जाते. नखांच्या कडांत निळीची बारीक रेघ असते, जी रंगाऱ्याच्या हातांवरून कोणत्याही राखेने, कोणत्याही रिठ्याने जात नाही. नावाडीण वल्हे थांबवते. नाव प्रवाहाला लागते. ती बराच वेळ पाहते आणि म्हणते, "हाई मनं मानूस शे."

"मना मानूस" असे ती म्हणाली असती तर नवरा हा अर्थ झाला असता. "मनं" म्हटल्यावर आपले माणूस, आपल्या जिवाचे माणूस असा अर्थ होतो, आणि त्यात बाईही मावते, पुरुषही मावतो. मराठीत हे नपुंसकलिंग आपल्याला फुकट मिळालेले आहे आणि आपण ते मायेसाठी वापरतो: माझं लेकरू, माझं माणूस, माझं सोनं. त्या एका अनुस्वारासाठी मी ते प्रकरण पाच वेळा लिहिले. त्या उद्गारानंतर रंगाऱ्याचा बदल पूर्ण होतो, आणि म्हणूनच तो सिद्धालाही फिरवता येत नाही.

भाषेचा प्रश्न येथेच संपला नाही. प्रमाण मराठीत मी जातो किंवा मी जाते, यांतले एक म्हणावेच लागते. आपले क्रियापद बोलणाऱ्याला लपू देत नाही. माझे लग्न अमळनेर तालुक्यात झाले आणि अहिराणी मी सासरी शिकले, म्हणून वर्तमानकाळातली तिची सोय माझ्या कानाला बाहेरच्या माणसासारखी लगेच जाणवली होती. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास, ती जास. करस, बोलस, सर्वांना एकच रूप. भूतकाळ आला की मात्र ठरवावे लागते: तो उना, ती उनी. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या पहिल्या तीन प्रकरणांत रंगारी केवळ वर्तमानकाळात बोलतो, मागचे काहीच सांगत नाही, आणि गावकऱ्यांना वाटते की याची आठवण गेली. आठवण गेलेली नसते. भूतकाळातल्या क्रियापदाला कोणता शेवट लावायचा हे त्याचे ठरलेले नसते. नावाडीण सर्वांच्या आधी, विहिरीवर, सहज, "ती कालदिन उनी" असे म्हणून जाते, आणि पाणी शेंदणाऱ्या बायकांचे हात थांबतात. घरात रंगाऱ्याची म्हातारी आजी मात्र "उना" हेच म्हणत राहते. तिच्यात दुष्टपणा नाही. तिने नातवाला अंगाखांद्यावर खेळवले आहे आणि तिची जीभ वळत नाही.

गाव विचारते कुंकवाबद्दल. नवरा बाई झाला, मग नावाडीणीने कुंकू कोणाच्या नावाचे लावायचे? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण आपल्याकडे जादूची परीक्षा राजदरबारात नव्हे, हळदीकुंकवाच्या तबकाशी होते. सीमंतिनीनेही पती पाण्यात बुडालेला असताना आपले व्रत चालू ठेवले होते. माझी नावाडीण कपाळावरचे कुंकू पुसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या बोटाने तेच कुंकू रंगारणीच्या कपाळाला लावते. तेथून पुढे मी तिला रंगारीण म्हणते. या प्रकरणात संवाद नाहीत.

कोणी म्हणेल की बाईवर बाईचे असे प्रेम आपल्या परंपरेत कोठे बसते. मी त्यांना संतांकडे बोट दाखवीन. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या त्या स्त्रीच्या आवाजात, आणि त्यांना आपण माउली म्हणतो. विठ्ठलाला आपण विठाई म्हणतो. कऱ्हाडच्या सखूच्या कथेत तर देव स्वतः सखूचे रूप घेऊन तिच्या जागी खांबाला बांधून घेतो आणि ती पंढरपुराहून परत येईपर्यंत तिच्या सासरी पाणी भरतो, दळतो, बोलणी खातो. प्रेमासाठी देवाने सून व्हावे, हे ज्या भाषेतले लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकतात, त्यांना माझी रंगारीण परकी वाटणार नाही अशी माझी खात्री आहे. आणि सिद्धीचे म्हणाल तर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला तो योगी एका लहानग्या मुक्ताबाईचा शिष्य झाला, असे आम्ही खान्देशातले लोक ऐकत आलो आहोत. माझा सिद्धही शेवटी नावाडीणीच्या नावेत उतारू म्हणून बसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. माझी कथा जादूची आहे. ज्यांना हे आयुष्य प्रत्यक्ष जगावे लागते त्यांच्यापाशी निळीचे रांजण नसते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी तो हक्क दारादारांत जाऊन मागावा लागतो. आमच्याच जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुकला, अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांच्या जागेसाठी भरलेला अर्ज छाननीत फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरायला लावला, आणि गावाने त्यांना निवडून दिले. मी ती बातमी कापून वहीत ठेवली आहे. न्यायालयाने सांगितले ते एक, आणि गावातल्या माणसांनी मत दिले ते दुसरे. लिहिताना मला त्या दुसऱ्या गोष्टीचे अधिक आश्चर्य आणि अधिक बळ वाटते.

सर्वांत कठीण गेले ते कानबाईचे प्रकरण. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे खान्देशची लोकदेवी, बसते. त्याआधी तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो गहू दळून रोट होतात, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी, आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. रंगारीण परतल्यानंतरची पहिली कानबाई आली, आणि मी अडले. म्हातारीने तिच्या नावाची मूठ घातली तर ती अजून तिला पुरुषच धरते आहे, आणि नाही घातली तर घरातून तिचे नावच गेले. दोन्हीकडून माझ्या रंगारणीचा अपमान होता. नावाडीणीने भांडावे, असा एक खर्डा मी केला. तो खोटा वाटला. सिद्धाने येऊन सुपातला गहू वाढवावा, असा दुसरा केला, तो फाडला. सात महिने ते प्रकरण तसेच पडून होते.

गेल्या श्रावणात आमच्या घरी सासूबाई गहू मोजत होत्या. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. बोटे वाकली आहेत, त्यामुळे मूठ नीट मिटत नाही आणि दर मुठीतून चार दाणे निसटतात. त्या एकेक नाव घेऊन सुपात मूठ टाकत होत्या. माझ्या धाकट्या जावेची सहा वर्षांची मुलगी त्यांच्या गुडघ्याला टेकून ऐकत बसली होती. नावे संपली. तिने आपल्या भावाचे नाव ऐकले होते, बापाचे ऐकले होते. ती म्हणाली, "मोठी माय, मनी मूठ कोठे शे?"

सासूबाईंचा हात पोत्यात तसाच राहिला. आम्ही तिघी जावा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होतो. कोणीच काही बोलले नाही. मग त्यांनी तिच्या नावाने मूठ काढली, वरची पाव मूठ वेगळी घातली. मग माझ्याकडे पाहून माझे नाव घेतले. मग थोरल्या जाऊबाईंचे, धाकटीचे, आणि सर्वांत शेवटी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःचे. सूप भरून गहू सांडू लागला. "घरमा जितला तोंडे, तितल्या मुठी," एवढे म्हणून त्यांनी मला मोठी पाटी आणायला सांगितली.

ते प्रकरण मी त्याच रात्री, कानबाईची गाणी बाहेर चालू असताना लिहून काढले. कादंबरीतली म्हातारीही पुरुषांच्या मुठी मोजून संपवते, रंगारणीचे नाव घेत नाही, आणि नावाडीण मान खाली घालते. मग म्हातारी सूप बाजूला सारते, पाटी पुढे ओढते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. या वेळी बायकांसकट. रोट होतात. भाऊबंद जमतात. पंगतीला कोण कोण आले नाही म्हणून दारातून कोणीतरी हाक मारून विचारते. म्हातारी चुलीपुढून, मान वर न करता, कढईतले हलवता हलवता उत्तर देते, "जेवाले बसा. मनी रंगारीन उनी."